पाणी, माती आणि हात

बायको: किती टाकल्यात?

नवरा: चार. टाकी मोठी होती म्हणून चार. आमच्या हॉटेलात लहान टाकीला दोन टाकतो.

बायको: हळू बोला! मास्तरीणबाई मागच्या खोलीत बटाटे मोजतायत.

नवरा: मी हळूच बोलतोय. ओरडतेयस तू.

बायको: जंतू मारायच्या गोळ्या! आणि त्या पालकात! अहो, चाळीस घरांचा पालक आहे तो. नऊ वाजता दार उघडेल आणि तुम्ही मला आत्ता सांगताय?

नवरा: तू विचारलंस म्हणून सांगितलं. वास कसला येतोय म्हणालीस. मला काय माहीत एवढं आभाळ कोसळेल. काल पानांना माती होती, एका गड्डीतून तर गोगलगाय निघाली. अशी पानं आमच्याकडे तशीच पुढे गेली तर मुख्य आचारी झारा फेकून मारतो. मी म्हटलं, धुवायची पाळी हिची आहे, हिचं नाव खराब होऊ नये. नीट काम करून द्यावं. एप्रनच्या खिशात पाकीट होतंच.

बायको: उंटावरचे शहाणे! त्या भिंतीवर काय लिहिलंय, वाचा.

नवरा: पाणी, माती आणि हात. चौथं काही नाही.

बायको: काल दिसलं नव्हतं?

नवरा: दिसलं. मला वाटलं सुविचार आहे. शाळेत असतो तसा.

बायको: सुविचार नाही, भांडाराचा पहिला नियम आहे तो! शेतातून निघाल्यापासून पिशवीत पडेपर्यंत भाजीला या तीन गोष्टींशिवाय काही लागणार नाही. त्यावर तर हे भांडार चाललंय. माणसं स्वतः येऊन धुतात, निवडतात, पिशव्या भरतात, म्हणून आपल्यासारख्यांना अशी भाजी परवडते. बाहेर हीच घ्यायला गेलो तर आठवड्यातून एकदा आणायची आणि सहा जणांनी नुसती बघायची.

नवरा: मला काय ते माहीत नाही?

बायको: मग? दोन वर्षं यादीत होतो आपण. दोन वर्षं! कुणाचं गाव बदललं, कुणी सोडून गेलं, तेव्हा कुठे नंबर लागला. आता मधला कच्चं बीट खातो. तोच, जो भाजी बघितली की ताटावरून उठायचा. आणि नियम मोडला की परत यादीच्या शेपटाला. धाकटी शाळा संपवेल तोवर.

नवरा: आमच्या हॉटेलात रोज दोनशे माणसं त्याच पाण्यात धुतलेलं खातात. कुणाला शिंकसुद्धा येत नाही.

बायको: कुणाला काय होईल ते नाहीच म्हणत मी! आठवतंय, तुम्ही फवारणीला जायचात तेव्हा? तळहाताची सालं निघायची. थोरली तुमच्या हातचा घास घ्यायची नाही, बाबांना वास येतो म्हणायची. तेव्हा मी ठरवलं होतं, माझ्या घरात यातलं काही येऊ देणार नाही. आणि तुम्हीच...

नवरा: म्हणूनच धुतलं गं. पानावर काय काय बसलेलं असतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? सहा वर्षं पाठीला पंप बांधून मीच बसवत होतो.

बायको: इथल्या पानावर नसतं काही.

नवरा: ते डोक्याला कळतं. हाताला कळत नाही. हात नुसत्या पाण्यावर थांबतच नाहीत.

बायको: पुन्हा धुवायला वेळ आहे का?

नवरा: पाऊण तासात? चाळीस पिशव्या सोडून, धुवून, निथळून, परत बांधायच्या? नाही जमणार. त्यापेक्षा बाईंना सांगून टाकू.

बायको: काही सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पिशव्यांची तोंडं सैल करा, खिडकी उघडा, जाईल वास. आणि तुम्ही गप्प बसा. एरवी चार माणसांत तुमचं तोंड उघडत नाही, आज तेवढा तरी गुण कामाला येऊ दे.

नवरा: आल्या.

मास्तरीणबाई: कुजबुज कसली चाललीये? गाजरं झाली भरून?

बायको: झाली, बाई. कोबी राहिलेत फक्त.

मास्तरीणबाई: आणि ही खिडकी का उघडलीत? माशा येतील. थांब... हा वास कसला?

बायको: कसला, बाई?

मास्तरीणबाई: पोहायच्या तलावावर येतो तसा. नाक म्हातारं झालं असलं तरी अजून नापास झालेलं नाही. कोबी नाही. गाजर नाही. ही पिशवी बघू. पालक! हा वास पालकाला आहे. काल धुवायला कोण होतं?

बायको: पाळी माझी होती. पण शिवणकारखान्यात जादा काम निघालं, म्हणून हे आले.

मास्तरीणबाई: ते चालतं. घरातलं कुणीही यावं. मग तुम्ही सांगा, काल पेट्या उघडल्या तेव्हा पालक कसा होता?

नवरा: कसा म्हणजे... हिरवा.

बायको: वास होता, बाई. थोडासा. पेट्या उघडल्या तेव्हाच होता.

नवरा: काय?

बायको: तुम्हीच नाही का काल घरी म्हणालात?

मास्तरीणबाई: तिला नाही, मी तुम्हाला विचारतेय. होता वास?

नवरा: मला... सर्दी आहे, बाई.

मास्तरीणबाई: म्हणजे मळ्यातूनच असा आला. वाटलंच होतं मला. नाही, खोटं कशाला बोलू, मला मुळीच वाटलं नव्हतं. गेल्या महिन्यात दोन घरांनी मला सांगितलं, बाई, त्या टेकडीवरच्या बाईचा पालक फार देखणा असतो, एका पानाला भोक नाही, जरा बघा. मी त्यांनाच झापलं. भरल्या बैठकीत म्हणाले, तिची हमी मी घेते. आणि आता हे. काय मारलंय तिनं? की टिकावा म्हणून कशात बुडवून आणलाय?

बायको: विचारून तरी बघा आधी.

मास्तरीणबाई: विचारते की. फोन करते आणि विचारते. आणि सांगते, आजपासून तुझ्या पेट्या बंद. तुम्ही पालकाच्या पिशव्या बाजूला काढा. एकही बाहेर जाता कामा नये.

नवरा: बाई...

मास्तरीणबाई: बोला.

बायको: काही नाही, बाई. पिशव्या कुठे ठेवू विचारतायत.

मास्तरीणबाई: त्या कोपऱ्यात. एकावर एक रचू नका.

नवरा: गेल्या. आता बोल. काय केलंस हे?

बायको: मला तसं म्हणायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

नवरा: चोर सोडून संन्याशाला फाशी!

बायको: चोर कोण? मी?

नवरा: मी. चोर मी आहे. पण फास तू त्या बाईच्या गळ्यात घातलास.

बायको: तिचं शेत आहे! ती दुसरीकडे विकेल. मी कुठे जाऊ? मला दुसरं भांडार दाखवा एक.

नवरा: भांडारानं बंद केली म्हटल्यावर तिच्या पेटीला हात कोण लावेल? तिच्याकडे विकायला नावाशिवाय आहे काय? आणि गोगलगाय निघाली म्हणून सांगितलं ना तुला? औषध मारलेल्या वाफ्यात गोगलगाय जगत नाही. मी मारायचो, मला विचार. एवढं नुसतं बाईंना सांगितलं असतं तरी पुरे होतं. आणि तू मला मध्येच तोडलंस.

बायको: मग आता काय पाय धरू त्यांचे?

नवरा: काल ती स्वतः आली होती पेट्या उतरवायला. मी एकटाच उचलत होतो, तर म्हणाली, दादा, ओली पेटी एकट्यानं उचलू नका, कंबर जाईल. आणि दुसऱ्या बाजूनं धरली तिनं. तिचे हात बघितलेस कधी?

बायको: मी कशाला बघू तिचे हात?

नवरा: माझे होते तसे आहेत. जुने डाग आहेत, बोटांच्या बेचक्यात. मी काही विचारलं नाही आणि तिनं काही सांगितलं नाही. पण एकदा पाठीला पंप बांधलेला माणूस दुसऱ्याला ओळखतो. तीही सगळं सोडून या भाजीकडे आलीये. तुझ्या-माझ्यासारखीच.

बायको: नका सांगू मला हे.

नवरा: मी सांगून टाकतो बाईंना.

बायको: आणि घरी काय सांगायचं? आईंना काय सांगायचं? अख्ख्या गल्लीला सांगत फिरतात त्या, आमच्या सुनेनं नंबर लावला, आमच्या सुनेनं नंबर लावला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझं कौतुक केलंय हो.

नवरा: आल्या बघ.

मास्तरीणबाई: बोलले तिच्याशी.

बायको: भांडली?

मास्तरीणबाई: भांडली असती तर बरं झालं असतं. मी तयारीनं फोन केला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, बाई, कुणाच्या पोरानं खाल्ला तर नाही ना? मी म्हटलं, नाही, पिशव्या अजून इथंच आहेत. तर म्हणाली, मग ठीक आहे. एकही देऊ नका, मी येऊन घेऊन जाते. विहिरीत कुणी काही टाकलंय का बघते, पाणी तपासून आणते. माझंच कुठेतरी लक्ष चुकलं असेल, म्हणाली. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं मी. खोटं बोलणारं मूल असं बोलत नाही.

नवरा: बाई, मला काही...

बायको: थांबा. तुम्ही नका. बाई, पेट्या उघडल्या तेव्हा वास नव्हता. पालक चांगला होता. यांनी टाकीत हॉटेलातल्या गोळ्या टाकल्या, जंतू मारायच्या. मुद्दाम नाही. सवयीनं. आणि ते मला मघाशीच कळलं होतं.

मास्तरीणबाई: मघाशी म्हणजे? मी विचारलं त्याच्या आधी की नंतर?

बायको: आधी.

मास्तरीणबाई: किती गोळ्या?

नवरा: चार.

मास्तरीणबाई: नंतर साध्या पाण्यातून काढला?

नवरा: एकदाच. दोनदा काढायचा असतो, पण नळाचं पाणी गेलं.

मास्तरीणबाई: म्हणून वास राहिला. पण कुणाला अपाय झाला नसता?

नवरा: नसता झाला.

मास्तरीणबाई: मग तू एवढी कशाला घाबरलीस?

बायको: यादीला. पुन्हा शेवटी उभं राहायला.

मास्तरीणबाई: अगं वेडे, नवीन माणूस पहिल्यांदा धुवायला आला, त्याला नियम समजावून सांगितला नाही, ही माझीसुद्धा चूक. पालक टाकून दिला असता, तुम्हाला दोन पाळ्या जास्तीच्या दिल्या असत्या, संपलं असतं. असल्या चुकीपायी आजवर कुणाला काढलेलं नाही आपण. पण वास पेट्यांमध्येच होता, हे कोण म्हणालं?

बायको: मी.

मास्तरीणबाई: त्याला बैठक लागेल. तुम्हाला ठेवायचं की काढायचं, ते माझ्या हातात नाही.

बायको: ठाऊक आहे.

नवरा: बाई, ती घाबरली होती. पोरांसाठी...

मास्तरीणबाई: सगळे पोरांसाठीच येतात इथे. टेकडीवरचीलाही दोन आहेत. बैठकीत मला एक मत आहे. ते कुठे जाईल, आज मला विचारू नका. मलाच माहीत नाही.

बायको: फोन द्या मला. आधी तिला सांगते.

मास्तरीणबाई: घे.

बायको: हॅलो... नाही, बाई नाही बोलत. मी भांडारातून बोलतेय, काल माझी पाळी होती धुवायची. ऐका, विहीर तपासू नका. तुमचं पाणी चांगलं आहे, पालक चांगला होता. गोळ्या इथे पडल्या, आमच्या टाकीत... आणि तुमच्याकडूनच तसा आला, हे मी बोलले. माहीत असून बोलले... हॅलो? ऐकताय ना?

नवरा: काय म्हणाली?

बायको: फोन ठेवला तिनं.

मास्तरीणबाई: ठेवणारच. नऊ वाजले. आता राहिली चाळीस घरं. इथली रीत माहितीये ना? कागद चिकटवून चालत नाही. चूक ज्याची, त्यानं दारात उभं राहायचं आणि प्रत्येकाला तोंडानं सांगायचं. पालक का नाही ते, आणि पिकवणारीचा दोष नाही ते.

नवरा: मी उभा राहतो. गोळ्या माझ्या होत्या.

बायको: गोळ्यांचं तुम्ही सांगा. बाकीचं माझं आहे. बाई, रांग लागलीये का?

मास्तरीणबाई: लागलीये की. वीसेक माणसं असतील. आणि... पहिल्याच तुझ्या सासूबाई आहेत. धाकटीला घेऊन आल्यात. शेजारणीला काहीतरी सांगतायत, हात करून दाखवतायत इकडे.

नवरा: तू आत थांब. आईला मी बाजूला घेऊन सांगतो. नंतर. घरी.

बायको: नको. घरी सांगितलं तर ते वेगळंच होईल. बाई, काढा कडी.

(दार उघडतं.)

बायको: या, आई. पिशवी खाली ठेवा जरा. काकू, तुम्हीही ऐका. आज पालक मिळणार नाही, आणि त्यापायी मी एक खोटं बोलले, ते आधी सांगते.