जुलेखाबीच्या खानावळीचं दार

भाईंनो, जुम्म्याची नमाज पढून तुम्ही सगळे नेहमीसारखे या खोलीत आलात. आपापल्या जागी बसलात. ती समोरची खुर्ची मात्र रिकामी ठेवलीत, कुणी सांगितलं नसताना. मला बोलायला उभं केलंत, पण माझं काम लिहिण्याचं. बोलायचे ते त्या खुर्चीतले गृहस्थ. मी अडखळलो तर सांभाळून घ्या.

आपले इब्राहिमभाई शिंपी मंगळवारी दुपारी मशीनवर डोकं टेकून गेले. तेव्हापासून तुम्ही मला एकच विचारताय. ‘मास्तर, आता जुलेखाबीचं काय?’ आज त्याचं उत्तर द्यायचंय. पण आज काही नवी माणसंही आली आहेत, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आखातातल्या या शहराभोवतीची मातीची भिंत तेव्हा उभी होती. शर्क मोहल्ल्यातल्या मासळीबाजारामागे, याच खोलीत, आपण बारा-चौदा जण राहायचो. सगळे रत्नागिरीकडचे, सगळ्यांची घरं समुद्रापलीकडे. हा दाऊद अहमदीला, तेल कंपनीच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात वाढपी होता. एका जुम्म्याला हसतच आला.

म्हणाला, “साहेबांच्या रेडिओवर एक दारूचा गुत्ता आहे. दर आठवड्याला तोच गुत्ता, तीच मालकीण. गोष्ट संपतच नाही. आज तिला पडसं झालं, तर साहेबाला जेवण गेलं नाही!”

कुणीतरी म्हणालं, “तौबा! गुत्त्याची गोष्ट?”

दाऊद म्हणाला, “दारू त्यांना लखलाभ. आपण मालकीण तेवढी घेऊ.”

आणि अशी आपल्या गोष्टीतली, गावाकडच्या खाडीकाठची खानावळ दर जुम्म्याला या खोलीत सुरू झाली. चहा, पेज, सुकट आणि उतरायला जागा. सातवीपर्यंत शिकलेला मी एकटा, म्हणून लिहायचं माझ्याकडे आलं. पहिला मालक मी खडूस केला. तो तुम्हाला आवडला नाही. तीन जुम्म्यांत तुम्ही त्याला झांजीबारला पाठवायला लावलंत. मग आली जुलेखाबी. पण बाईचं बोलणं बोलणार कोण?

“मी करून बघू काय?” इब्राहिमभाई म्हणाले.

आठवतंय ना? आपण हसायची तयारी करून बसलो होतो. दाढीवाला माणूस बाईचा आवाज काढणार! त्यांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळून खिशात ठेवली, डोळे मिटले. आवाज बारीक केलाच नाही. नुसतं सावकाश म्हणाले, “कोण रे पायरीवर? नाव मागाहून सांग. आधी सांग, जेवलास काय?”

कुणी हसलं नाही. बाहेर वारा होता, दाराच्या फटीतून वाळू येत होती. आणि मला, खरं सांगतो, ओल्या पायरीचा वास आला. शेवाळाचा. तुम्हालाही आला असेल.

किती वर्षं झाली त्याला! भिंत पाडली गेली, रस्ते आले, आपल्यातले कितीक बनेद अल-गारच्या नव्या वस्तीत राहायला गेले. तरी जुम्म्याला सगळे इथंच. जुलेखाबी गावी गेलेल्या गिऱ्हाइकाचा पेला धुऊन फळीवर पालथा ठेवायची. म्हणायची, “येईल तेव्हा स्वतःच्या हातानं सुलटा करील.” आपणही तेच करायला लागलो. रजेवर गेलेल्याचा पेला या खिडकीत पालथा. परत आला की आधी तो पेला सुलटा करणार, मग पेटी खाली ठेवणार. गोष्टीतली रीत कधी आपली झाली, कळलंच नाही.

आणि हुसेन, तू मान खाली घालू नकोस, आज मी सांगणारच. हुसेन रजेवर गेला तेव्हा जुलेखाबीसाठी इथली कॉफीची पितळी किटली घेऊन गेला. गावाकडं खाडीच्या तरीच्या होडीत बसला आणि तांडेलाला विचारतो, “जुलेखाबीची खानावळ कुठल्या धक्क्याला?” परत आल्यावर मला म्हणाला, “मास्तर, तुम्हीच लिहिता हे मला ठाऊक आहे. तरी होडी वळणावर आली आणि वाटलं, विचारून तर बघू.”

आपण पोट धरून हसलो. इब्राहिमभाई हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “मग धक्क्यावर बसलास काय थोडा?”

“बसलो.”

“बरं केलंस.”

आता माझी चूक सांगतो. गेल्या वर्षी मी जुलेखाबीला मारायचं ठरवलं होतं. का? माझ्या मनात खोट आली. रात्रंदिवस सगळ्यांच्या तोंडी तिचं नाव, लिहिणाऱ्याचं कुणी काढीना. मी तिला ताप आणला, चार पानांत संपवली आणि कागद घेऊन इब्राहिमभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी अक्षर अक्षर लावत सगळं वाचलं. घडी करून मला परत दिलं.

“मास्तर, हे मला जमायचं नाही.”

मी चिडलो. “इब्राहिमभाई, गोष्ट आहे ही!”

“तुमची गोष्ट आहे,” ते म्हणाले. मग मशीनच्या चाकावर हात ठेवून म्हणाले, “सकीना, माझी बायको. मी इकडं यायला बोटीत होतो तेव्हाच गेली. गावचं पत्र हातात पडलं तोवर तिचा चाळिसावाही झाला होता. ‘जेवलास काय’ हे तिचं विचारणं, मास्तर. दारात कुणीही येवो, आधी तेच. एकदा ती माझ्या माघारी गेली. आता माझ्याच तोंडून तिला घालवू नका.”

मी तिथंच कागद फाडले. त्यांनी तुकडे गोळा केले आणि चिंध्यांच्या टोपलीत टाकले. “मी आहे तोवर कुणाला सांगू नका,” एवढंच म्हणाले. मी सांगितलं नाही. आज सांगतोय.

तर भाईंनो, जुलेखाबीचं काय? कुणी म्हणतं, गोष्ट संपवा. दाऊद म्हणतो, मी बोलतो तिचं. दाऊद, तुझा आवाज ऐकून गिऱ्हाईक खाडीत उडी टाकील.

जुलेखाबी मरणार नाही. तिच्या जागी दुसरं कुणी बोलणारही नाही. पुढच्या जुम्म्याला खानावळीचं दार उघडं असेल, चूल पेटलेली असेल. गिऱ्हाइकं येतील आणि एकमेकांना वाढतील. जुलेखाबी पलीकडच्या धक्क्यावर गेलेली असेल. लांबून, बऱ्याच वर्षांनी, तिचं कुणी आलंय म्हणून. कोण आलंय ते मी लिहिणार नाही. तुम्हाला कळलंय.

इब्राहिमभाईंचा पेला मी सकाळी धुतला. पालथा ठेवायला खिडकीशी गेलो, पण ठेववेना. ते कुठं रजेवर थोडेच गेलेत? ते तर घरी पोचले. म्हणून तो इथं खुर्चीवर ठेवलाय, सुलटा.

आता मी बादलीतल्या पाण्यात हात फिरवीन, गोष्टीआधी वल्ह्याचा आवाज काढायचो तसा. तो थांबला की सगळे गप्प राहू या. मनात फातिहा पढा. आणि जाताना एकमेकांशी दुःखाचे शब्द बोलू नका. शेजारच्याला एवढंच विचारा, जेवलास काय?

इब्राहिमभाई, होडी लागली असेल. पायरी ओली आहे, सांभाळून चढा. तुमचं नाव ती मागाहून विचारील.