कॅल्शियम बंद केल्यावर

हॅलो?… हो, बोल, उठलेलीच आहे. मंगळवार, चार मार्च, पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं, आणि कालपासूनचा हा तुझा तिसरा फोन. आधीच्या दोन्ही वेळी "काही नाही गं ताई" म्हणून ठेवून दिलास. आता जे आहे ते सांग.

…छातीत धडधडतंय. कधीपासून?… पंधरा दिवस? आणि हे मला आज कळतंय… हो, हो… अगं ऐक ना. पाळी जाताना घाम फुटतो, झोप उडते, हे मला नको शिकवू. माझी जाऊन बरीच वर्षं झाली, झोप अजून परत आलेली नाही. पण हात थरथरतात म्हणालीस ना?… पावांचा ट्रे हातातून सुटला?… भट्टीच्या धगीनं घाम येतो गं, हात थरथरत नाहीत.

…वजन उतरलं? आणि त्यावर खूश आहेस. धन्य आहे तुझी.

बरं, एक सांग. वर्कशॉपमध्ये मुलांना मी जन्मभर हेच शिकवलं, की चालतं मशीन अचानक बिघडलं तर शेवटचा बदल कोणता केला ते आधी शोधा. तू काय बदललंस?… काही नाही? नीट आठव. थायरॉइडची गोळी तीच?… दोनदा वाढवून दिलेली, बरोबर. घेतेस कशी?… उठल्या उठल्या, पाण्याबरोबर. सोबत दुसरं काही?… "आता" काही नाही. म्हणजे आधी होतं.

…कॅल्शियम? दोन्ही एकाच घोटात?… काय ती पीडा एकदाच उरकायची. वा. आणि बंद कधी केलंस?… पोट साफ होईना म्हणून, दीड महिन्यापूर्वी. डॉक्टरांना सांगितलंस?… हाडांच्या डॉक्टरांची गोळी, ती थायरॉइडवाल्यांना कशाला सांगायची. हं.

…नाही, चिडले नाही. दमलेय. कॅल्शियम सोबत घेतलं तर थायरॉइडची गोळी अंगाला लागत नाही. दोन्हींत निदान चार तास जावे लागतात. तुझी गोळी अर्धीमुर्धी वाया जायची, रिपोर्ट सुधारेना, म्हणून डॉक्टर डोस वाढवत गेले. आता कॅल्शियम गेलं आणि तो वाढीव डोस सगळाच्या सगळा अंगात उतरतोय… तेच तर. आपण सगळं वयाच्या नावावर खपवत बसलो.

…कामावर? आज नाही. माहीत आहे, तुझ्यावाचून भट्टी पेटत नाही… आजची गोळी घेतलीस?… मग डॉक्टरांना विचारेपर्यंत थांब. खुर्चीत बस. मनगटावर दोन बोटं ठेव… अंगठा नको. घड्याळ मी बघते. पूर्ण मिनिट मोजायचं. हं… सुरू.

…

थांब. किती?… नुसतं बसून? परत मोज एकदा.

…

तेवढेच. आणि मध्येच ठोका चुकतो का?… एकसारखे पडतच नाहीत?

नवऱ्याला उठव… झोपू दे काय, गाडी जराशी खोकली तर त्यांना दुसऱ्या गल्लीत ऐकू येतं. बायको शेजारी धापा टाकतेय ते नाही. दे फोन त्यांना.

…हॅलो. अहो, हिला घेऊन आत्ताच्या आत्ता इस्पितळात जा, तातडीच्या विभागात… नाही, चहा नंतर. तिथे ती "जरा दमलेय, वयाचं आहे" म्हणेल. तिला बोलू देऊ नका, तुम्ही सांगा. थायरॉइडचा डोस जास्त होतोय, नाडी अनियमित आहे, आणि बसल्या जागी मिनिटाला ठोके एकशे अडतीस.