पहिली फेरी घरच्या माणसाची

समारंभाचे अध्यक्ष आणि या इमारतीचे व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, आज निवृत्त होणारे आमचे फोरमन भाऊजी, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या बंधुभगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. वाचनालयातून पुस्तकं आणून वाचते, तेवढीच माझी शाळा. पण भाऊजींनी हट्टच धरला, "वहिनी, तुम्हीच बोला." म्हणून उभी राहिले.

इथल्या तरुण मंडळींना ठाऊक नसेल, या जागेवर पूर्वी करमणुकीची बाग होती. आरशांची खोली होती, छोटी आगगाडी होती, आणि आता सरकते जिने आहेत तिथे आकाशपाळणा होता. तो चालवायचे आमचे हे. त्याचं तेलपाणी, नटबोल्ट भाऊजींकडे. दोघांचा नियम एकच, रोजची पहिली फेरी घरच्या माणसाची. आपलं माणूस बसवल्याशिवाय परक्याचं पोर बसवायचं नाही. आज मी, तर उद्या भाऊजींची मंडळी. मला वर नेऊन हे खालून ओरडायचे, "काय गं, आहेस ना?"

"आधी खाली उतरवा, मग सांगते! घरी सगळी कामं पडलीत!"

पुढे जागा विकायची ठरली. बाग बंद करायला काहीतरी कारण हवं होतं. शहरभर बोंब उठवली, पाळणा गंजलाय. बाग पाडली आणि लोक ह्यांच्याकडे बोट दाखवू लागले. कधी कुणाला साधं खरचटलं नव्हतं हो! भाऊजींना याच इमारतीत नोकरी मिळाली, आणि भाऊजी गप्प बसले. मला राग आला नाही असं कसं म्हणू? पण त्यांच्या दोन मुली शिकत होत्या. काय करणार होते ते? हे मात्र शेवटच्या दुखण्यातही विचारायचे, "तो एकदा तरी बोलेल ना गं?"

हे गेले. आता माझा रागही दमलाय.

भाऊजी, आज तुमची नोकरी संपली. आता कोण काय करणार आहे तुम्हाला? साहेब, दोनच मिनिटं, आवरतेच. भाऊजी, सगळ्यांसमोर सांगा, पाळणा गंजला होता का?

...असू द्या, माइकपाशी येऊ नका, गुडघे दुखतात तुमचे. पुढच्या रांगेला ऐकू आलं. मागच्यांना मी सांगते, "नव्हता" म्हणाले.

ज्यांनी ऐकायला हवं होतं, ते आमचे हे तेवढे इथे नाहीत.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल, तर आपलीच समजून पदरात घ्या.