कापलेली शाल

पेरू देशातल्या पुनो शहराच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोघी बहिणी उभ्या होत्या.

"पणजीच्या आजीनं विणलेली शाल ती, बेनिता. कात्री चालवायला हात कसा धजला तुझा?"

"पेटीत कसर लागली होती, ताई. म्हणून पर्यटकांसाठी पिशव्या शिवल्या."

"शालीवरच्या कॉन्डोर गिधाडाचं डोकं एका पिशवीत, पंख दुसरीत. आई मरायला टेकलीय, मला त्याच शालीत पुरा म्हणतेय. आता पिशव्या पांघरू तिला?"

"तिला दिसतंय कुठं? माझी शाल घाल."

"डोळे गेलेत, बोटं नाही गेली. त्याच कॉन्डोरवर बोट फिरवून तिनं आपल्याला विणायला शिकवलं."

"मग मी काय करू?"

"घरी चल. तिला तुझ्या तोंडानं सांग."

"तू पुढे हो, मी उद्या येते."

बस आली. मोठीनं धाकटीचं गाठोडं उचललं आणि ती आत चढली. धाकटी मागोमाग गेली.