साडेसातची गाडी आणि माझी वेबसाइट

...आणि वर म्हणतात, धीर धरा! नाही, मी काय म्हणतो, ज्यांनी कोणी हे पहिल्यांदा लिहून ठेवलं ना, की वेबसाइट काढा, खिशात काही नसलं तरी काढा, रोज थोडं थोडं काम करा, धीर धरा, लोक येतील, त्यांनी आयुष्यात एकदा तरी आमच्या गावच्या स्टँडवर बसून गाडीची वाट पाहिली होती का? नाव घेत नाही मी कुणाचं. नाव माहीतच नाही! दर सोमवारी फुकटात ईमेल यायची, वर कोट-टायमधल्या एका हसऱ्या माणसाचा फोटो आणि खाली तेच... धीर धरा, लोक येतील. अरे, येतील, मान्य! पण कोणते लोक येतील, हे नको का लिहायला?

तुम्हाला सांगतो, गोष्ट दोन हजार पाचची. गाव आमचं वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या अलीकडे की पलीकडे ते विचारू नका, कारण स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीसमोर मला उद्या पुन्हा उभं राहायचंय. मी, धनंजय, नुकताच बी.एस्सी. झालेला आणि डोक्यात एकच खूळ, की गाव सोडायचं नाही. सगळी पोरं पुण्याला चाललेली! ज्याला त्याला पुणं! जसा काही इकडे सूर्य उगवायचाच बंद झाला! मी कॉलेजात भाषणं ठोकायचो, "गावात कोणी काही उभंच केलं नाही, तर गावात राहील कोण?" टाळ्या पडायच्या या वाक्याला. आणि सगळ्यात जोरात कोण वाजवायची? अपेक्षा. आमच्याच वर्गातली, आमच्याच गल्लीतल्या चंद्रभानकाकांची मुलगी. पहिली नोकरी लागल्याबरोबर तीसुद्धा पुण्याला!

तिला सोडायला स्टँडवर गेलो. ती गाडीत, खिडकीत बसलेली. म्हटलं आता नाही तर कधीच नाही, आणि विचारलं, "इथंच मी काही उभं केलं, तर परत येशील?" सगळं आयुष्य त्या एका प्रश्नात घातलं हो मी! आणि नेमकी त्याच वेळी कंडक्टरनं डबल बेल मारली. ती खिडकीतून ओरडली, "उभं तर कर पहिले! दिवाळीत येते नं मी, मग बोलू!"

मग बोलू! आता हे हो आहे की नाही आहे? मी हो धरलं. हो धरायचंच वय होतं ते.

आता उभं काय करायचं? तिथंच, स्टँडवर, उत्तर मिळालं. चौकशीच्या खिडकीत रूपरावजी. खिडकी कायम अर्धी बंद. पुलगावची गाडी विचारा, वर्ध्याची विचारा, नाचणगावची विचारा, आतून आवाज येणार, "येते. थांबा." बस! ती येते की गेली, हे त्यांना तरी माहीत होतं का, देव जाणे. आणि वेळापत्रकाचा बोर्ड? त्याचा रंग असा उडालेला, की निम्म्या गावांची फक्त शेवटची अक्षरं उरलेली! म्हटलं, हेच! गाड्यांच्या वेळांची वेबसाइट काढायची. एका रकान्यात बोर्डावरची वेळ, शेजारच्या रकान्यात खरी वेळ, मी स्वतः उभं राहून पाहिलेली. बाजूनं गावातल्या दुकानांच्या जाहिराती. माहिती जनतेची, धंदा आपला आणि अपेक्षा परत!

स्वस्तात कसं, विचारा ना. जागा फुकट घेतली, त्यामुळे साइटचा पत्ता मालगाडीएवढा लांब. तोंडी सांगायला घेतला की समोरच्याची गाडी निघून जायची! आणि फुकट म्हणून वरच्या बाजूला त्यांच्या जाहिराती आपोआप लुकलुकायच्या, त्याही कसल्या, तर परदेशी मुलींशी मैत्री करा. मोठ्या हौसेनं आईला दाखवायला नेलं. ती म्हणे, "गाड्या दाखवतो म्हनत होता नं रे? मंग ह्या बाया कोन्त्या गाडीनं आल्या?"

बरं, मराठी दिसायला वेगळा फॉन्ट लागायचा. तो ज्याच्याकडे नाही त्याला नुसत्या काड्या, फुल्या आणि चौकोन. बोरगाव मेघेच्या एका गृहस्थांचा फोन आला. मला केवढा आनंद, पहिला वाचक! तर ते म्हणतात, "भाऊ, तुमच्या साइटीनं माह्या कॉम्प्युटरले काई झालं तर नाई नं?"

जाहिरातीसाठी साडीवाल्या शेठकडे गेलो. तो गादीवर टेकून म्हणतो, "कॉम्प्युटरमंदी जाहिरात? अन् गिऱ्हाईक कॉम्प्युटरातून माह्या दुकानात उतरन कसं?" साऱ्या बाजारात एकच माणूस तयार झाला, स्टँडसमोरचा रसवंतीवाला. त्याच्या बदल्यात तो मला रोज एक ग्लास रस द्यायचा. हा माझा महसूल. रोज उभ्यानं पिऊन टाकायचो मी महसूल!

आणि ट्रॅफिक... साइटवर येणाऱ्यांचा आकडा दाखवणारं ते काउंटर... तुम्हाला सांगतो, रोजचे पाचसहा जण. त्यात निम्मा मी. उरलेले बंडूजी, म्हणजे ज्यांच्या सायबर कॅफेत मी पडीक असायचो ते. नेट चालू आहे का, हे पाहायला ते माझी साइट उघडायचे, कारण "दुसरी उघडाले टाइम लागते बाप्पा, तुह्या साइटीत असतेच काय!" पण धीर धरा, लोक येतील!

आणि एक यायचं. रोज यायचं. कोण कुठून आलं ते साइटच्या नकाशावर हिरव्या ठिपक्यानं दिसायचं. आमचं गाव सोडलं, तर सगळ्या महाराष्ट्रात एक ठिपका, पुण्यावर, बरोबर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. अभिप्रायाच्या पानावर तिनं पहिल्याच आठवड्यात लिहिलं, "नाचणगावच्या गाडीची खरी वेळ अजून टाकली नाहीस. आळशी!" आळशी! हा शब्द कोणी इतका प्रेमानं वाचला नसेल. मी लगेच जाऊन उभा राहिलो, वेळ पाहिली, टाकली. मग मला सुचायलाच लागलं. साडेसातची पुलगाव गाडी, म्हणजे सहाला आमच्या स्टँडवरून निघते, पुण्याच्या रेल्वेचे प्रवासी घेऊन साडेसातला पुलगावहून परत फिरते, दिवसातली शेवटची. तिच्यापुढे मी लिहिलं, "डावीकडची खिडकी घ्यावी. गाव येईपर्यंत चंद्र सोबत असतो." वेळापत्रकात चंद्र! अख्ख्या जगात कोणी वेळापत्रकात चंद्र छापलाय का? आणि दिवाळीला अमावास्या असते, हे त्या वयात कोणी सांगावं माणसाला?

दिवाळी जवळ आली. तिनं लिहिलं, "रिझर्व्हेशन झालं. पुलगावहून साडेसातची आहे ना नक्की?" मी लिहिलं, "आहे." नुसतं आहे.

आणि दोन दिवसांनी स्टँडवर जाऊन पाहतो, तर फळ्यावर खडूनं, "पुलगाव, सायंकाळची, रद्द."

मी खिडकीशी धावलो. "रूपरावजी, रद्द काऊन?"

"रद्द हाय."

"कायमची?"

"फळ्यावर पुढचं लिहाचं हाय नं भाऊ. थांबा जरा."

थांबा? मी थांबू? तिकडे ती पोरगी रेल्वेतून उतरून पुलगावला एकटी उभी राहणार, आणि ज्या साइटचा जन्मच खऱ्या वेळेसाठी झाला ती साइट खोटं बोलणार? तसाच पळत बंडूजींकडे, लाल अक्षरांत टाकलं, "साडेसातची गाडी बंद!" लुकलुकणाऱ्या लाल अक्षरांत! खाली जळजळीत लेख, आमच्या गावावर होणाऱ्या अन्यायाबद्दल. लिहून झाला तेव्हा मलाच भरून आलं. असा लेख त्या साइटवर पुन्हा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टँडवर गेलो, तर पुलगावची गाडी उभी. इंजिन चालू. लोक चढताहेत.

"रूपरावजी! ही... ही कशी काय?"

"डायवर आला नं वापस. सासुरवाडीले गेलता."

"मग काल सांगायचं ना!"

"तुमी थांबले कुठं? म्या म्हनत होतो, थांबा."

पुन्हा पळत कॅफेत. लाइट गेलेली! बंडूजी वारा घेत बाहेर बसलेले. लाइट आली, साइट उघडली, अभिप्राय उघडला... "बरं झालं तुझ्या साइटवर पाहिलं. आई म्हणे, संध्याकाळची एकटी पुलगावला कुठं थांबशील. रिझर्व्हेशन रद्द केलं, आईबाबाच इकडे येताहेत दिवाळीला. तुझ्या साइटचा खरंच उपयोग झाला बघ!" आणि पुढे दोन टिंबं आणि एक कंस, आडवं हसरं तोंड. मान वाकडी केल्याशिवाय ते दिसत नाही. मी बराच वेळ मान वाकडी करून बसलो होतो.

मग लिहिलं हो, "चालू आहे! गाडी चालू आहे! ये!" पण दिवाळीत सोडलेलं रिझर्व्हेशन कोणाला परत मिळालंय का? तिच्या होस्टेलवर फोन लावला, तर तिथल्या बाई, "मुलांचे फोन देत नाही आम्ही. कोण आपण?" कोण मी! काय सांगू? वेळापत्रकवाला?

आणि तिकडे चंद्रभानकाका आणि काकू पुण्यात पोचले, ओळखीतलं एक घर फराळाला आलं, त्यांच्या सोबत त्यांचा मुलगा आला... आणि चकली संपायच्या आत जमलं सुद्धा! मी इथं धीर धरून बसलेलो, आणि तिकडे एका फराळात!

चंद्रभानकाका स्वतः पत्रिका घेऊन घरी आले. "धनंजय, गावात पह्यली पत्रिका तुले देऊन राह्यलो बेटा. लग्न आपल्या गावातच हाय. मांगं पाय, काय छापलं!" मागे पाहिलं. "गाड्यांच्या अचूक वेळांसाठी," आणि खाली माझ्या साइटचा पत्ता, अख्खा, दोन ओळींत मालगाडी. "पोट्टीनंच सांगतलं. म्हने बाबा, पाहुन्याइले दुसरं कोनी खरं सांगनार नाई."

आणि लोक आले! तुम्हाला सांगतो, आले! काउंटर असं पळायला लागलं, की बंडूजी म्हणाले, "बिघडलं वाटते." साडीवाला शेठ जाहिरात द्यायला स्वतः चालत कॅफेत आला. सोमवारची ईमेल म्हणत होती, बघा, सांगितलं होतं ना? आणि नकाशावर पुणं म्हणजे हिरवंगार! मामे, मावश्या, मित्र, सगळे गाड्या पाहताहेत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी नकाशासमोर बसायचो. इतके दिवस एकटा दिसणारा तो ठिपका... त्या गर्दीत कुठला तो, ओळखूच येईना.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाड साडेसातच्या गाडीनं आलं. आणि ती गाडी, जिला मी जन्मात कधी वेळेवर पाहिलं नाही, ती त्या दिवशी घड्याळ लावून आली! स्टँडवर घ्यायला कोण? मीच. काका म्हणाले, गाड्यांचं तुलेच समजते. नवरदेव उतरला. साधा, बरा माणूस हो, हेच तर वाईट! राग तरी कसा करायचा? माझा हात हातात घेऊन म्हणतो, "ते चंद्राचं फार सुंदर लिहिलंय तुम्ही. आम्ही सगळे मुद्दाम डावीकडे बसलो. खरंच सोबत होता!"

मी म्हटलं, "हो... असतो."

आणि तेवढ्यात मागे कर्रकन आवाज झाला. वळून पाहतो, तर चौकशीची ती खिडकी, जन्मात पहिल्यांदा, सताड उघडलेली! रूपरावजी अर्धे बाहेर वाकलेले, समोर वऱ्हाडातल्या बायांचा घोळका, आणि मला हात करून म्हणतात,

"धनंजयभाऊ, या बरं इकडे! थांबा म्हनलं तर ऐकूनच नाई राह्यल्या ह्या. उद्या नवरी घेऊन जायची गाडी किती वाजता हाय ते सांगा याइले, तुमची वेळ पक्की असते."