जपानी गाडी खरी का खोटी

मी मूळचा इंझोरीचा. माय-बाप दुसऱ्याच्या वावरात राबत, आन छप्पन साली दीक्षा घेतल्यावर बापानं एकच सांगतलं का पोट्ट्यानं हाताले हुन्नर लावावा, कोनाच्या दारात हात जोडून उभं राहू नये. म्हनून मी कारंज्याले एका मिस्त्रीच्या हाताखाली राह्यलो, मंग वाशीमले टेसनाच्या रस्त्यावर सोताचं ग्यारेज टाकलं. तवा वाशीम जिल्हा नोता, सारं अकोल्यातच मोडे.

काय सांगू तुमाले, गावात कापडाचे एक शेटजी होते, जैन मानूस, त्याइची जीप माह्याच हातची. सत्तरीच्या सालातली गोष्ट. एक दिवस शेटजी सोता येऊन बाकड्यावर बसले, म्हने मिस्त्री, आमच्या सुशीलेचं अकोल्याले जमून राह्यलं. पोराचा काका सांगते का पोराजवळ जपानी गाडी हाये, शर्यतीची, दोनच दरवाजे, साऱ्या वऱ्हाडात दुसरी नाई, अन् पोरगा तिच्यात सकाळी नागपूरले जाऊन चहाच्या टायमाले वापस येते. आमचे भाऊबंद म्हनतात थाप हाये. तुमी पाहून या. मी म्हनलं, शेटजी, पोरगी गाडीले देता का पोराले? ते हसले नाईत. म्हने, हे खोटं निंगालं तं बाकीचं कायले खरं मानू?

गेलो बाप्पा रेल्वेनं. पोराचा काका मले घरामागच्या टिनाच्या शेडात घेऊन गेला, तिथं ताडपत्रीखाली गाडी होती. बसकी, लांब नाकाची, मीटरवर जपानी अक्षरं. पन मी भुललो नाई. रंगानं आन शिक्क्यानं कोनी बी फसते, लोखंडावरचा नंबर पाहा लागते. राकेलाच्या चिंधीनं चेसीचा नंबर पुसला, कागद ठेवून पेन्सिल घासली, तं एक एक आकडा उठला. नंबर घासून बदलल्याचा, कानशीचा ओरखडा कुठंच नाई. गाडीच्या बुकात तोच नंबर, नाव पोराचंच, मुंबईच्या परदेशी सायबाकडून घेतल्याचे कागद बी होते. गाडी सोळा आने खरी.

पन बोनेट उघडलं तं वरचं अर्धं इंजन जाग्यावर नाई! काका घाईघाईनं म्हने, मिस्त्री, चालते एवढंच सांगा, आमच्या साऱ्या ट्रका तुमच्याच ग्यारेजले पाठवतो. खोटं कायले बोलू, मन हाललं माह्यं, दोन महिने काम पातळच होतं. तेवढ्यात पोरगा आला, हात ग्रीसनं काळे. म्हने, काका, राहू द्या. मंग माह्याकडे पाहून म्हने, दोन वर्सं झाले बंद हाये, मीच खोललं, अजून जमलं नाई. फळीवरचे डब्बे दाखवले त्यानं. एक एक नट, एक एक वाल्व धुवून पुसून ठेवलेला, कोनता कुठून काढला त्याची चिठ्ठी लावून. एवढं नीट खोललेलं काम मी कोन्या मिस्त्रीचं नाई पाह्यलं.

वाशीमले येऊन शेटजीले सारं सांगतलं, ट्रकांचं बी सांगतलं. शेटजी लाल झाले, म्हने मोडतो सोयरीक. तं सुशीला आतून बाहेर आली. म्हने, मिस्त्रीभाऊ, चालवतो असं त्याइनं सोता सांगतलं का काकानं? मी म्हनलं काकानं, पोरानं तं न इचारता बंद हाये म्हनलं. ती बापाले म्हने, मंग बाबा, माह्यं लगन काकाशी हाये का? तवा शेटजी पोटभर हसले.

लगन झालं. पंगतीत शेटजीनं माह्या बापाले आपल्या बाजूले बसवलं, सोता लाडू वाढला. बापाचे डोये भरून आले. वर्सभर आयतवारी मी अकोल्याले जाई, जवाईबापू आन मी दुसऱ्या इंजनाच्या रिंगा घासून बसवल्या, ग्यास्केट हातानं कापलं. ज्या दिवशी सुरू झाली, सुशीलाबाई शेडात येऊन टाया वाजवून राह्यल्या होत्या.

आता हात थरथरतात, पाना धरवत नाई. बसल्या जागी इंजनाचा आवाज आयकतो आन काय बिघडलं ते सांगतो, लोकं मानतात. माही पोरगी कामरगावले मास्तरीन हाये, सुटीत नातवाइले घेऊन येते, घरात पाय ठेवाले जागा राह्यत नाई. काई कमी नाई बापा. तुमचंबी घर असंच भरेल राहो.