सुपारी उचलण्याइतकी शक्ती

चहा घ्या, सांगतो. नव्वदनंतरची गोष्ट. सुरतेत, नवागामच्या आमच्या खोलीत लेकीला, सुनंदाला बघायला धुळ्याकडचे पाहुणे आले होते. पोरगी कॉलेजात विज्ञान शिकायची, आणि लग्नानंतरही शिकणार ही तिची अट. आधीचे पाहुणे त्यावरच उठून गेलेले. ताटात सुपारी मांडली होती. आमच्या खानदेशात ती फुटली की लग्न ठरलं.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "कॉलेजात काय करते?"

मला राहवलं नाही. "अहो, पृथ्वीच्या चुंबकात किती शक्ती भरलीय, त्याचा अंदाज काढते!"

बायकोनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात लाइट गेली, पंखा थांबला. मुलाचे वडील हसले. "मग त्या शक्तीवर पंखा चालव की, पोरी!"

सुनंदा त्यांना म्हणाली, "मामा, सगळ्या पृथ्वीची जमवली तर सुरतचे सगळे माग वर्षानुवर्षं चालतील. पण ती लांबवर पसरलीय. आपल्या खोलीच्या वाट्याला किती येते, बघू."

तिनं कापडावर खुणा करायचा खडू घेतला, फरशीवर हिशेब मांडला आणि लाजत म्हणाली, "सुपारीचं एक खांड जमिनीवरून कमरेपर्यंत उचलता येईल. बस, एवढीच."

मी मनात म्हटलं, गेलं हेही स्थळ.

मुलाच्या वडिलांनी ताटातली सुपारी उचलली आणि माझ्याकडे अडकित्ता मागितला.

"आम्हाला एवढीच शक्ती पाहिजे होती," ते म्हणाले. "पुढची गणितं आमच्या घरी कर, पोरी. तिथली फरशी मोठी आहे."